मंत्री, संत्री आणि ऑरेंज

तिगावच्या बगीच्यात झाडावर असतो तोवर तो ‘संत्रा’. सरकारी कागदावर चढला की हिंदीच्या नियमाने ‘संतरा’. कृषी संशोधकाच्या वहीत तो ‘मँडरिन’, व्यापाऱ्याच्या बिलावर ‘ऑरेंज’, आणि ट्रकमधून सीमा ओलांडून ढाक्याच्या बाजारात उतरला की ‘कमला’. फळ तेच, साल तीच, आतल्या फोडीही तेवढ्याच. या पाच नावांपैकी ‘ऑरेंज’ हे सगळ्यांत दूरचं, साहेबाच्या देशातलं वाटतं. पण त्याचा माग काढत गेलं की ते आपल्याच देशातून निघालेलं सापडतं. आणि खरी गंमत त्याच्याही पुढे आहे. ज्या फळाला आपण इंग्रजीत हौसेने ऑरेंज म्हणतो, त्याच्यावर ते नाव नीटसं बसतच नाही.

आधी तिगावबद्दल. इटारसीहून नागपूरकडे येणाऱ्या रेल्वेमार्गावर, पांढुर्ण्याच्या परिसरातलं हे गाव. राज्य मध्य प्रदेश. जिल्हा पूर्वी छिंदवाडा होता. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख वेगळा काढून पांढुर्णा जिल्हा झाला. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून मध्य प्रांतापर्यंत या भागाचा कारभार नागपूरशी बांधलेला होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेलं, छिंदवाडा मागे राहिला. त्यामुळे इथे शाळा, कचेरी, पाटी हिंदीत आणि घर, शेत, भांडण मराठीत अशी वाटणी झाली. बगीच्यांना मात्र ही सीमा कोणी सांगितली नाही. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड आणि त्यांना लागून पांढुर्णा, सौंसर असा हा संत्र्याचा सलग पट्टा आहे. आंबिया बहार, मृग बहार, ताण देणं, डोळा भरणं, डिंक्या, कोळशी हे शब्द सीमेच्या दोन्ही अंगांना एकाच अर्थाने चालतात. आंब्याला मोहर येतो त्या दिवसांत फुलतो तो आंबिया, मृग नक्षत्राच्या पावसावर फुलतो तो मृग. पंचांग आणि बगीचा इथे एकच पुस्तक वाचतात.

या सगळ्या शब्दांत ‘ऑरेंज’ कुठेच नाही.

तो शब्द सापडतो तो थेट दक्षिणेत. भाषाशास्त्रज्ञांचा कल असा की त्याचं मूळ द्राविड भाषांत आहे. तमिळमध्ये ‘नरु’ हा सुवासाचा धातू आणि ‘काय्’ म्हणजे कच्चं फळ. सुवासिक फळ अशा अर्थाची ही जोडणी असावी. मल्याळममध्ये आजही ‘नारङ्ङ’ म्हणजे लिंबूवर्गातलं फळ, आणि तमिळ घरांत ‘नार्तंगाय’चं खारवलेलं लोणचं दहीभाताबरोबर खातात. म्हणजे शब्द जिथे जन्मला तिथे तो जिवंत आहे, फक्त तो गोड संत्र्याला लागलेला नाही; आंबट, कडवट, जाड सालीच्या फळांना लागलेला आहे. ही बाब लक्षात ठेवू, पुढे तिचा उपयोग आहे.

दक्षिणेतून शब्द संस्कृतात आला तो ‘नारंग’ होऊन. त्याचंच दुसरं रूप ‘नागरंग’, आणि चरकसंहितेतल्या फळांच्या यादीत हे नागरंग आहे: पचायला जड, वात शमवणारं. परक्या शब्दाला ओळखीचे अवयव जोडून त्याला घरचा करून घ्यायची खोड सगळ्याच भाषांना असते. ‘नारंग’चा अर्थ लागेना म्हणून कोणीतरी त्यात नाग बसवला असावा. नागपूरच्या माणसाला इथे लगेच आपली नाग नदी आठवेल आणि शहराचं नाव व फळाचं नाव एकत्र गुंफायचा मोह होईल. तो आवरावा. दोघांचा काही संबंध नाही. असाच एक किस्सा फिरत असतो की हत्तीने ही फळं अती खाल्ली, तो मेला, म्हणून ‘नाग’ म्हणजे हत्ती आणि त्यावरून नागरंग. किस्सा मजेदार आहे, शब्दकोशात ठेवण्याच्या लायकीचा नाही.

संस्कृतातून फारसीत ‘नारंग’, फारसीतून अरबीत ‘नारंज’. अरबीत ‘ग’ नाही म्हणून ‘ज’ आला. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास अरबांनी हे झाड भूमध्य समुद्राकाठी सिसिली आणि स्पेनमध्ये नेलं, आणि झाडाबरोबर नाव गेलं. स्पॅनिशमध्ये ते आजही ‘नारांखा’ आहे, पोर्तुगीजमध्ये ‘लारांजा’. इटालियनमध्ये पोचल्यावर मात्र सुरुवातीचा ‘न’ गळाला. तिथे स्त्रीलिंगी एकवचनी नामाआधी ‘ऊना’ हा लहानसा शब्द लावतात. ‘ऊना नारांचा’ भरभर म्हटलं की दोन ‘न’ एकमेकांत मिसळतात. ऐकणाऱ्याला वाटतं की ‘न’ आधीच्या शब्दाचा आहे. तसा तो तिकडे गेला आणि मागे ‘आरांचा’ उरलं. फ्रेंचांनी ‘न’ नसलेलंच रूप घेतलं. त्यात त्यांच्या भाषेत सोन्याला ‘ऑर’ म्हणतात. सोनेरी फळाच्या नावात सोनं हवं म्हणून आरंभीचा ‘आ’ ‘ओ’कडे झुकला, असं मानतात. नागरंगात नाग शिरला तसाच फ्रान्समध्ये ऑरेंजात सोनं शिरलं.

‘अ नॉरेंज’चं ‘अॅन ऑरेंज’ इंग्रजांनीच केलं असं अनेक पुस्तकांत लिहिलेलं आढळतं. ते खरं नाही. चौदाव्या शतकात शब्द इंग्लंडात पोचला तेव्हा त्याचा ‘न’ वाटेतच गेलेला होता. इंग्रजांवर हा आळ यायला कारण मात्र आहे, कारण त्यांनी इतर शब्दांत हेच केलं. अंगावर बांधतात तो ‘एप्रन’ पूर्वी ‘नॅप्रन’ होता. आणि पांढुर्ण्याच्या मैदानावर पोरं ज्याच्याशी हुज्जत घालतात तो ‘अंपायर’ मूळचा ‘नंपायर’: दोन पक्षांपैकी कोणाच्याही जोडीचा नसलेला तिसरा माणूस. त्याचा ‘न’ खरोखरच इंग्रजांनी गिळला.

दक्षिण फ्रान्समध्ये ऑरेंज नावाचं गाव आहे, फ्रेंच उच्चार ‘ओरांज’. रोमन काळातलं त्याचं नाव ‘अराउझियो’; फळाशी त्याचा काही संबंध नव्हता. झिजत झिजत गावाचं नाव आणि फळाचं नाव एकसारखं ऐकू येऊ लागलं, एवढंच. १५४४ मध्ये या छोट्या संस्थानाचा वारसा नासाऊ घराण्यातल्या विल्यमकडे गेला, आणि पुढे त्यानेच स्पेनविरुद्ध डच बंडाचं नेतृत्व केलं. तेव्हापासून डच लोकांचा रंग नारिंगी. त्याच घराण्यातला तिसरा विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडचा राजा झाला; आयर्लंडच्या झेंड्यावरचा नारिंगी पट्टा त्याच्या अनुयायांची, म्हणजे तिथल्या प्रॉटेस्टंटांची खूण. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीलाही नाव याच घराण्याचं. तमिळ प्रदेशातला सुवास, फ्रान्समधलं एक गाव आणि हॉलंडची फुटबॉलची जर्सी, तिघांना जोडणारा धागा म्हणजे केवळ एक ध्वनिसाम्य. इतिहासात अशा फसव्या जोड्यांना खऱ्या जोड्यांइतकंच वजन असतं.

फळ येईपर्यंत इंग्रजीत या रंगाला नाव नव्हतं. तांबड्या-पिवळ्याच्या मधलं काही दाखवायचं तर दोन्ही नावं जोडून सांगत. जुना इंग्रज कवी चॉसर याने कोल्ह्याचा रंग सांगताना नेमकं हेच केलं आहे. छाती स्पष्ट नारिंगी असलेल्या रॉबिन पक्ष्याला इंग्रज अजून ‘लाल छातीचा’ म्हणतात, आणि केस नारिंगी असलेल्या माणसाला ‘लाल केसांचा’, कारण ही नावं ठरली तेव्हा लालपासून वेगळा काढायला शब्दच नव्हता. ऑरेंज हे रंगाचं नाव म्हणून कपड्यांच्या नोंदींत दिसू लागतं ते सोळाव्या शतकाच्या आरंभी. मराठीची या बाबतीत चैन आहे. आपल्याकडे केशरी, भगवा, शेंदरी, नारिंगी असे चार शब्द आणि चौघांचे मान वेगळे. झेंडा भगवा, जिलबी केशरी, मारुती शेंदरी. तिथे नारिंगी म्हणून चालत नाही.

रंगावरून आठवलं. तिगावला ऑक्टोबरात आंबियाचं फळ तोडायला येतं तेव्हा ते बऱ्याचदा हिरवट-पिवळं असतं, आणि आत मात्र पिकलेलं. सालीतला हिरवा रंग उतरायला गार रात्री लागतात. थंडी खाल्लेला मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो तो रंगाने देखणा. उष्ण मुलखात तर हे फळ पिकूनही हिरवंच राहतं. थंड इंग्लंडात परदेशातून रंगलेलीच फळं पोचली म्हणून त्यांनी फळाच्या नावाने रंग ओळखला. केरळात फळ बघणाऱ्याला ते कधी सुचलं नसतं.

आता तो मूळ प्रश्न: युरोपात इतकी शतकं ज्याला ऑरेंज म्हणत होते ते फळ कोणतं? कडवट नारिंग, जाड सालीचं, मुरंब्याच्या कामाचं. खाण्याजोगं गोड फळ तिथे रुळलं ते सोळाव्या शतकात, मुख्यतः पोर्तुगीजांच्या व्यापारातून. म्हणून अरबीत गोड फळाचं नाव ‘बुर्तुकाल’, तुर्कीत ‘पोर्ताकाल’, ग्रीकमध्ये ‘पोर्तोकाली’. म्हणजे पोर्तुगालहून आलेलं. ज्या अरबांनी युरोपला ‘नारंज’ दिलं त्यांनीच गोड भावंडाचं नाव युरोपकडून घेतलं. डच त्याला ‘चीनचं सफरचंद’ म्हणतात. हे गोड ऑरेंज शास्त्रज्ञांच्या भाषेत ‘सिट्रस सायनेन्सिस’. आणि आपल्याकडे सायनेन्सिस कोणतं? मोसंबी.

होय, मोसंबी. तिचं नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आलं, आणि भारतातल्या इंग्रजीत तिला ‘स्वीट लाइम’, गोड लिंबू, म्हणतात. जगाच्या हिशोबाने जे अस्सल ऑरेंज, त्याला आपण इंग्रजीत लिंबू म्हणतो. आणि जे ऑरेंज नव्हे त्याला ऑरेंज. इतका नेटका घोटाळा ठरवून करता आला नसता.

कारण नागपुरी संत्रा हा ‘सिट्रस रेटिक्युलाटा’, म्हणजे मँडरिन. साल सैल, नखाने सुटते, फोडी आपोआप वेगळ्या होतात. मोसंबीची साल सुरीशिवाय धड निघत नाही. फरक नुसता सालीचा नाही. लिंबूवर्गाच्या जनुकांचा अभ्यास सांगतो की मँडरिन, पपनस आणि महाळुंग ही या कुळातली मूळ घराणी आहेत. कडू नारिंग आणि गोड ऑरेंज हे दोन्ही मँडरिन व पपनस यांच्या संकरातून झाले. म्हणजे तिगावचा संत्रा ऑरेंजचा प्रकार नाही, उलट ऑरेंजच संत्र्याच्या घराण्यातून निघालेलं. सगळ्या कुळाचं माहेर हिमालयाच्या पूर्वेकडच्या पायथ्यापासून आसाम, म्यानमार, युनानपर्यंतच्या टापूत.

आणि मँडरिन हा शब्द? चीनच्या दरबारातल्या अधिकाऱ्यांना पोर्तुगीज ‘मांदारिम’ म्हणत. तो शब्द त्यांनी उचलला मलाय भाषेतल्या ‘मेंतेरी’वरून, आणि मलायांनी तो घेतला संस्कृत ‘मंत्री’वरून. त्या अधिकाऱ्यांच्या पिवळसर-केशरी झग्यांवरून फळाला हे नाव पडलं असावं असं सांगतात. म्हणजे संत्र्याला इंग्रजीत खरं तर ‘मंत्री’ म्हटलं पाहिजे. यमक जुळवणाऱ्यांनी याहून अधिक काय मागावं! इंग्रजीत तर ‘ऑरेंज’ला धड यमकच नाही, अशी त्यांच्या कवींची जुनी तक्रार आहे.

उरला ‘संत्रा’. लिस्बनजवळ सिंत्रा नावाचं टुमदार गाव आहे. त्यावरून पोर्तुगीजांमार्फत संत्रा आला, असं अनेक कोशांत लिहिलेलं असतं. मला हे पटत नाही. बाबराने हिंदुस्थानातल्या फळांचं वर्णन लिहिलं ते १५२६ ते १५३० या काळात, आणि त्यात नारंज वेगळं, ‘संगतरा’ वेगळा आहे. पोर्तुगीज कालिकतला उतरले १४९८ मध्ये, गोवा घेतलं १५१० मध्ये. एवढ्या अवधीत किनाऱ्यावरचं एक परकं नाव उत्तरेत आग्र्यापर्यंत इतकं रुळेल की नवखा बादशहाही ते सहज नोंदवेल? दुसरी अडचण अधिक मोठी. मँडरिन जातीची झाडं इंग्लंडात पोचली १८०५ मध्ये, तीही चीनच्या कँटनहून, आणि भूमध्य समुद्राकाठी ती पसरली त्यानंतर. सिंत्र्याला जे फळ होतंच नाही त्याच्यावर सिंत्र्याचं नाव कसं चिकटेल? शब्दाचं मूळ काही असो, मुघल येण्याच्या वेळी तो इथे होता. नेपाळात हाच ‘सुन्तला’ होतो.

फळ नागपूरला आलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून रोपं आणवली असं परंपरेने सांगतात. राजवाड्याच्या परसातलं हौसेचं झाड काळ्या, चुनखडीच्या जमिनीत रुजलं, जंबेरीच्या खुंटावर डोळा भरायचं, म्हणजे कलम करायचं, तंत्र पसरलं आणि वर्धा, जाम, कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत बगीचे उभे राहिले. २०१४ मध्ये ‘नागपूर ऑरेंज’ला भौगोलिक मानांकन मिळालं. नोंदणीत नाव इंग्रजी, तेही चुकीच्या फळाचं. पण सव्वाशे-दीडशे वर्षं रेल्वेच्या पार्सलांवर तेच लिहिलं गेलं असताना आता ‘नागपूर मँडरिन’ म्हणून कोण ओळखणार? बाजारात चुकीचं पण ओळखीचं नाव बरोबर पण अनोळखी नावाला नेहमीच हरवतं, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही.

मराठीने या शब्दाचं काय केलं ते मात्र बघण्यासारखं आहे. मराठी माणूस ‘ऑरेंज’ दिवसातून अनेकदा उच्चारतो, पण फळासाठी जवळजवळ कधीच नाही. ऑरेंज ही गोळीची चव आहे, बर्फाच्या गोळ्यावरचं सरबत आहे, साडीचा रंग आहे. ऑरेंज सिटी हे नागपूरचं टोपणनाव, ऑरेंज लाइन ही तिथल्या मेट्रोची उत्तर-दक्षिण मार्गिका. आणि गेल्या काही वर्षांत हवामान खात्याचा ‘ऑरेंज अलर्ट’. पिवळ्याच्या वरचा, लालच्या खालचा इशारा. म्हणजे चॉसरने कोल्हा जिथे ठेवला होता नेमकी तीच जागा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हा अलर्ट पांढुर्णा-सौंसरला लागला की बगीचेवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्या वेळी मृगाचं फळ झाडावर असतं, आंबियाचा फुलोरा त्याच सुमारास लागलेला असतो, आणि गारपीट दोन्ही झोडपते. ऑरेंजची बातमी आणि संत्र्याचं नुकसान ही दोन वाक्यं एकाच तोंडून निघतात, पण शब्दांची अदलाबदल होत नाही. ‘ऑरेंज झडले’ असं कोणी म्हणत नाही.

नारिंगाचंही हेच झालं. विदर्भाच्या बोलीत ते फळ म्हणून फारसं उरलेलं नाही. रंग म्हणून मात्र ‘नारिंगी’ टिकलं. जे हातात धरता येतं, सोलता येतं, हजाराच्या भावाने विकता येतं ते सगळं संत्र्याकडे. जे फॅक्टरीतून, आकाशातून किंवा नकाशावरून येतं ते ऑरेंजकडे. नागपूरची प्रसिद्ध बर्फी फळाचा गर घालून करतात म्हणून ती संत्रा बर्फी राहिली, असा माझा तर्क. त्याला छेद देणारं उदाहरणही लगेच देतो. महाराष्ट्रात देशी दारूच्या बाटलीवर ‘संत्रा’ असतो, आणि त्या बाटलीत बगीच्यातलं काय असतं हे विचारू नये.

एक अडचण सीमेवरच्यांना पडते ती पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. विदर्भात आणि तिगावात संत्रा पुल्लिंगी, अनेक झाले की ‘संत्रे’. पुण्याकडे ‘संत्रं’, आणि अनेक झाले की ‘संत्री’. हिंदीत ‘संतरी’ म्हणजे पहारेकरी, इंग्रजी ‘सेंट्री’चं देशी रूप, ‘मंत्री से संतरी तक’ हा तिथला रोजचा वाक्प्रचार, वरपासून खालपर्यंत सगळे या अर्थाचा. त्यामुळे पुण्याच्या पाहुण्याने तिगावात येऊन ‘दोन डझन संत्री हवीत’ म्हटलं, तर हिंदी शाळेत शिकणारं पोर त्याच्याकडे क्षणभर रोखून बघतं, आणि मग विचारतं, ‘कोणत्या मंत्र्यासाठी?’